हातचे तीन

मंगळवारी संध्याकाळी सहानंतर
जीव्हस्टनच्या शेडमधली मशिनं बायकांची.
मर्व्ह ट्रेगेन्झा आधी कानातली यंत्रं काढतो,
तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवतो,
मग राउटरची वायर माझ्या हातात देतो.
चाळीस वर्षं होड्या बांधताना
ह्याच आवाजाने त्याचे कान खाल्ले.
माझ्या कानांवर मात्र तो स्वतः मफ चढवतो,
बाही सैल आहे का बघतो,
आणि बाकावर तळहात उपडा ठेवून उभा राहतो.
मी चुकले की त्याला लाकडातून कळतं.

शाळेच्या वाचनालयाला दहा स्टुलं हवीत.
प्रत्येकाच्या पाटावर, बोटं घालून उचलायला
एक लांबट भोक. दहाही सारखी.
अठ्ठावीस वर्षं मी सफरचंदं निवडली आहेत,
सारखं म्हणजे काय ते मला विचारा:
खोक्यात बसलं की झालं सारखं.

मर्व्ह फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहितो.
कडं सोळाचं.
पातं दहाचं.
वजा कर, अर्धं कर.
तीन.

पितळी कडं साच्याच्या कडेला घासत जाईल,
त्याच्या पोटात फिरणारं पातं
साच्याला कधीच शिवणार नाही.
मधे तीन मिलिमीटर, कायमचे.
म्हणून साचा आधीच तेवढा मोठा कापायचा,
हातचे तीन धरून.
"हातचे विसरलीस, ग्लेनिस,
तर भोक तुझ्या मनातलं नाही,
मशीनच्या मनातलं पडतं."

आतून कापताना घड्याळाच्या दिशेने.
उलट गेलीस तर ते तुला ओढत नेईल,
कुत्रा दोरी ओढतो तसं.
एका वेळी चारच मिलिमीटर खोल.
ब्लॅकवूडचा भुसा गरम,
जिभेवर मिरीसारखा, दंडावर, ब्लाउजच्या आत.
पहिला पाट. दुसरा. पाचव्यापर्यंत
मी खांदे खाली सोडले होते,
आणि कुठेतरी मनात
ह्या आठवड्याची वीजबिलं सुरू झाली होती.

सहाव्याला मी पातं थांबायच्या आधीच
राउटर उचलला.

जेमतेम एक ठेच.
साच्याच्या सरळ कडेवर
नखाएवढा चंद्र.
पॅकिंग शेडमधली एक शिवी मला आपोआप आली,
आईची आवडती.
मर्व्हने बाकावरचा हात उचलला,
साचा सोडवला, खिडकीशी नेला,
अंगठा फिरवला एकदा, आणि परत एकदा.
लांबी भरायची आज वेळ नाही म्हणाला,
ती रात्रभर वाळते.
ड्रॉवरमधून मोठं कडं काढलं, मोठं पातं काढलं,
तोच लाकडाचा तुकडा पुढे केला.

कडं चोवीसचं. पातं अठराचं.
मी वजा केलं, अर्धं केलं.
पुन्हा तीनच!
भोकाचं माप हललं नाही.
पण मोठं कडं छोट्या खड्ड्यात
पूर्ण उतरू शकत नाही, काठावर अडतं;
खड्डा राहतो, फक्त त्याचा आवाज कमी होतो.

सहा ते दहा, पाच पाटांवर
एक पुसट पोक आहे.
मी पॉलिशपेपर मारला, तरी आहे.
डोळ्यांना दिसत नाही;
एखाद्या पोराची करंगळी तिथे क्षणभर थांबेल,
आणि ते काय आहे हे कोणी सांगायला नसेल.

नऊला मर्व्हने डबी उघडली,
कानात यंत्रं बसवली, एक शिट्टी वाजली.
"मघाशी तोंड हललं तुझं. काय म्हणालीस?"
"काही नाही."
"हं," तो म्हणाला. "मलाही तेच वाटलं."

घरी जाताना हायवेवरचा गोल चौक,
घड्याळाच्या दिशेने,
डावी कड धरून, तिला न शिवता.
मी दोनदा फिरले.